माणसं गेली तिथलं जंगल

फ्रान्समधली दोर्दोन्य नदी ओव्हेर्न्यच्या जुन्या ज्वालामुखी डोंगरांत, प्युई द सांसीच्या उतारावर उगम पावते आणि ४८३ किलोमीटर वाहत येऊन बोर्दोच्या खाली गारोनला मिळते. वरच्या अंगाला ती खोल दरीतून येते. दोन्हीकडे उभे उतार, अगदी काठापर्यंत उतरलेलं रान आणि पात्रात ओळीने पाच मोठी धरणं. पाचव्यातून सुटली की लगेच आर्झांता गाव लागतं. तिथून पुढे नदी रुंद आणि उथळ होते, गोट्यांवरून खळाळत जाते. तुलूजला राहायला आल्यापासून सवड मिळाली की आम्ही याच पट्ट्यात येतो. फ्रान्समध्ये पाहण्यासारखं काय आहे असं घरून कोणी विचारलं, तर मी पॅरिसच्या आधी आर्झांताचं नाव घेते.

आर्झांताला नदीकाठी लांबलचक दगडी धक्का आहे. त्यावर लाकडी सज्ज्यांची, दगडी कपच्यांनी शाकारलेली घरं. एवढ्याशा गावाला एवढा मोठा धक्का कशाला, हा प्रश्न पहिल्या भेटीत मला पडला होता. उत्तर समोरच्या डोंगरावर होतं. बोर्दो आणि बेर्जराकच्या वाइनला पिंपं लागत, पिंपांना ओकच्या फळ्या लागत, द्राक्षांच्या वेलींना आधाराला चेस्टनटच्या खुंट्या लागत. हे सगळं लाकूड वरच्या दरीतल्या जंगलातून निघे आणि गाबार नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली जाई. स्पोंतूरसारख्या गावांत या होड्या बांधल्या जात. बांधणी तात्पुरतीच, कारण होडी परत यायची नसे. प्रवाहाविरुद्ध ती वर ओढणं परवडत नसे, म्हणून माल उतरला की होडीही मोडून लाकडाच्या भावाने विकून टाकत. मग नावाडी काठाकाठाने, डोंगर चढत, पायी घरी येत.

आणि नदी वर्षभर चालत नसे. उन्हाळ्यात पाणी इतकं कमी की होडी खडकाला लागे, हिवाळ्यातल्या पुरात ती हातात राहत नसे. वसंतात आणि शरदात मिळून मोजकेच आठवडे पाणी बेताचं असे. तेवढ्यात वर्षाची कमाई. पाणी वाढतंय असा निरोप आला की रात्रीतून होड्या भरायच्या. रेल्वे आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा आटत गेला. आता उन्हाळ्यात पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या, मोटर बसवलेल्या गाबारी तेवढ्या आहेत. त्यांच्यात बसून डोंगराकडे पाहिलं की सगळे एकच म्हणतात, किती अस्पर्श निसर्ग आहे. मीही पुष्कळ दिवस तेच म्हणत होते.

मागच्या शरदात बाबा आले होते. बाबांचं आयुष्य वनखात्यात गेलं. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीची बरीचशी वर्षं पाटणच्या वर कोयनेच्या बाजूला काढली. विमानतळावरून घरी येताना रस्त्याकडेची झाडं बघूनच त्यांचे प्रश्न सुरू झाले होते. आर्झांताच्या वर एका वाटेने मी त्यांना चढवलं. वाट नदीपासून निघून चेस्टनटच्या रानातून पठारावर जाते. पायाखाली काटेरी बोंडं, त्यांतून सुटलेली तपकिरी फळं, ओल्या पानांचा वास. मी दम खात झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते. बाबा खाली बघत होते.

"हे रान तुटलेलं आहे गं," ते म्हणाले. "एकदा नाही, पुष्कळदा."

त्यांनी काठीने दाखवलं. जमिनीलगत एक रुंद, गाठाळ बुंधा. माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढा. त्याच्या कडेने सहा-सात सरळ खोडं वर गेलेली. पुढचं झाडही तसंच, त्यापुढचंही. उसाचा खोडवा घेतात तसं इथे चेस्टनटचं पीक घेतलं होतं. तोडायचं, बुंध्यातून फुटवे येऊ द्यायचे, काही वर्षांनी परत तोडायचं. वरची खोडं चाळीस-पन्नास वर्षांची असतील, पण खालचा बुंधा शेकड्यांत मोजण्याइतका जुना असू शकतो. तोडणी थांबल्यामुळे खोडं उंच गेली, एकमेकांना ढकलत वाकडी झाली, काही आतून वाळली. मला जे आदिम अरण्य वाटत होतं ते वेळेवर न तोडलेलं पीक होतं.

मग एकेक दिसत गेलं. शेवाळाखाली दगडांची ओळ होती. बाबा तिला लगेच गडगा म्हणाले, संगमेश्वरच्या आमच्या घराभोवती असतो तसाच, चुना-माती न घालता रचलेला. तिच्या वर आणखी एक, त्याहून वर आणखी. उतारावर पायऱ्या पाडून शेती केली होती. त्या पायऱ्यांवर आज मांडीएवढ्या जाडीचे ओक उभे आहेत. थोडं पुढे उतारात कोरलेली एक गोल सपाट जागा लागली. तिच्यावर काहीच मोठं वाढलं नव्हतं. बाबांनी वाकून पानं बाजूला केली आणि काठीचं टोक जमिनीत फिरवलं. माती काळीकुट्ट. बोटांवर चोळून त्यांनी माझ्यापुढे हात धरला. "कोळसाभट्टी. बघ, अजून कण लागतात." दरीभर अशा भट्ट्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं आणि कोळशाच्या वायूवर गाड्या चालू लागल्या, तेव्हा कोळशाला परत मागणी आली. १९३९ मध्ये स्पेनमधून पळून आलेले निर्वासितही तेव्हा फ्रान्सच्या रानांत कोळसा पाडायच्या कामाला लागले होते.

बाबांना हे सगळं वाचता येण्यामागे एक जुना धागा आहे, आणि तो त्यांना पक्का ठाऊक होता. ब्रिटिश भारतात वनखातं उभं राहिलं तेव्हा इंग्लंडात वनशास्त्र शिकवणारी शाळाच नव्हती. म्हणून १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसएक वर्षं, भारतात नेमणूक होणाऱ्या तरुणांना युरोपात धाडत, आणि त्यांतले बरेच जण पूर्व फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेत शिकत. ही शाळा १८२४ ची. जंगलाचे कूप, म्हणजे तोडणीचे तुकडे, पाडायचे, दर वर्षी एक तोडायचा, काही झाडं बियाण्यासाठी राखून ठेवायची, बुंध्यांना फुटवे येऊ द्यायचे, सगळ्याचा पुढच्या कित्येक वर्षांचा आराखडा कागदावर आधी मांडायचा, ही रीत तिथून सह्याद्रीत पोचली. बाबांनी पाटणच्या रानात ज्या पद्धतीने कूप आखले, त्याच पद्धतीने आखलेल्या रानात ते आता उभे होते. "इथलंच शिक्षण आम्हाला मिळालं म्हणायचं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता तसा थोडा सलही. तीच रीत सह्याद्रीत आली तेव्हा तिने कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती करणाऱ्यांना रानाबाहेर काढलं, आणि त्याचे परिणाम त्यांनी नोकरीत जवळून पाहिले होते.

रानाच्या वरच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ चेस्टनटच्या खुंट्या फाडत बसले होते. मी बोंजूर म्हटलं, बाबांनी नमस्कार केला, आणि त्या गृहस्थांनी टोपी काढून "बोंजूर, मस्यू" म्हणत उलट नमस्कार केला. त्यांच्यापुढे दोन फांद्यांच्या बेचक्यात ओंडका आडवा अडकवलेला. हातात काटकोनात दांडा बसवलेलं लांब पातं. ते पातं ओंडक्याच्या तोंडावर ठेवायचं, वरून लाकडी ठोकण्याने एक घाव घालायचा आणि मग दांडा हलकेच पिळायचा. ओंडका टोकापर्यंत सरळ उकलत जातो. करवत लागत नाही. फाट एका बाजूला सरकू लागली की ते ओंडका फिरवून जाड बाजू खाली दाबत, फाट परत मधोमध येई. बाबा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. पुढचा तासभर मला भाषांतराचं काम जवळपास उरलंच नाही. घेर किती, कुठल्या महिन्यात तोडता, साल कधी काढता, हे हातांनीच विचारलं गेलं आणि हातांनीच सांगितलं गेलं. चेस्टनटच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे औषध न लावता खुंटी जमिनीत वीस वर्षं टिकते. म्हणून तर द्राक्षमळेवाले ती घेत. त्याच टॅनिनपायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातडी कमावणाऱ्यांसाठी अर्क काढायचे कारखाने या भागात निघाले, आणि हजारो जुनी फळझाडं त्यांच्या भट्टीत गेली.

चेस्टनट म्हणजे या डोंगरातलं धान्य होतं. गव्हाला माती नाही, उतार उभा, म्हणून लोक चेस्टनट खाऊन हिवाळा काढत. फळं धुरावर वाळवून ठेवत, सोलून उकडत, डुकरांना घालत. एकोणिसाव्या शतकात मुळं काळी पाडणारा रोग आला आणि बागा बसल्या. खालच्या अंगाला, पेरिगोरमध्ये, १८७० नंतर फिलोक्सेरा किड्याने द्राक्षवेली खाल्ल्या. पिंपांचं गिऱ्हाईक गेलं, खुंट्यांचं गेलं, होड्या गेल्या. शेजारच्या क्रझ भागातले गवंडी आधीपासूनच दर वसंतात पायी पॅरिसला कामाला जात. आता माणसं जाऊन परत येईनाशी झाली. आर्झांता ज्या कोरेझ जिल्ह्यात आहे त्याची लोकसंख्या १८९१ च्या सुमारास सव्वातीन लाखांवर होती. आज ती अडीच लाखांच्या आत आहे.

मग १९१४ चं युद्ध. इथल्या प्रत्येक गावात, कितीही लहान असो, मृतांच्या नावांचा दगड असतो. पठारावरच्या एका वस्तीत मी असा दगड वाचत उभी होते. वस्तीत आज फार तर दहा चुली पेटत असतील. दगडावरची नावं त्याहून जास्त होती, आणि एकच आडनाव तीनदा होतं. फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक त्या युद्धात गेले, हे शाळेत पाठ केलेलं असतं. ते तीन भाऊ असतील किंवा चुलते-पुतणे, पण गडग्याचा दगड निसटला तर परत बसवणारे हात तेच होते. त्या पायऱ्या कोणी मुद्दाम सोडल्या नाहीत. त्या राखायला कोणी उरलं नाही.

आकडा सांगायचा तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये नव्वद लाख हेक्टरच्या आसपास जंगल होतं. आज ते एक कोटी सत्तर लाखांवर आहे, देशाच्या जमिनीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. ही वाढ सांगताना सगळ्यांना आनंद होतो आणि तो रास्तही आहे. सरपणाची जागा दगडी कोळशाने घेतली, १८२७ च्या वनकायद्याने चराईला आळा बसला, उघड्या डोंगरांवर लागवडी झाल्या. पण या दरीत जंगल वाढलं ते मुख्यतः माणूस हटला म्हणून. आपल्याकडे वृक्षारोपणाचे आकडे जसे सांगतात तसा हा आकडा मला सांगता येत नाही. त्या आकड्यात बंद झालेल्या शाळा आहेत, छप्पर बसलेली घरं आहेत, आणि ज्यांना कोणी वापरत नाही असे चेस्टनट वाळवायचे धुरकट खोपे आहेत. मी ते जंगल आता अधिक जीव लावून बघते, एवढं मात्र खरं.

लागवडीच्या जंगलाबद्दल मात्र मला मनापासून आक्षेप आहे. आर्झांताच्या उत्तरेला मिलव्हाशचं पठार आहे. व्हेझेर नदी तिथे उगवते. शंभर वर्षांपूर्वी तिथे मेंढ्या चरत आणि नजर जाईल तिथवर फुलणारं खुरटं माळरान होतं. १९४६ मध्ये सरकारने वनलागवडीसाठी खास निधी काढला आणि पडीक माळांवर अमेरिकेतून आणलेली डग्लस फर ही सूचिपर्णी झाडं ओळीने लावली गेली. आज ती तोडणीला आली आहे. अख्खीच्या अख्खी टेकडी एका हिवाळ्यात बोडकी करतात, बुंधे उखडून रचतात आणि पुन्हा तीच रोपं लावतात. स्थानिक लोक याविरुद्ध सभा घेतात, फलक लावतात. त्या फरच्या आत शिरलं की पक्षी गप्प असतात, खाली गवताचं पातं नसतं. बाबांनी आत दहा पावलं टाकली आणि परत फिरले. "साग लावलाय असं समज," एवढंच म्हणाले.

इथे हिंडणाऱ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी. फ्रान्सचं तीन-चतुर्थांश जंगल खाजगी आहे, पण सार्वजनिक पायवाटा त्यातून जातात आणि झाडांवर रंगाच्या पट्ट्यांनी खुणा केलेल्या असतात. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरी-लाल पट्टी, गावच्या वाटेला पिवळी. पंचवीस हजारात एक या प्रमाणाचा सरकारी नकाशा विकत घ्या. त्यात पडकी घरं, झरे, एकेकटे क्रूससुद्धा दाखवलेले असतात. अळंबी दिसली म्हणून उचलायची नाही, ती जमीनमालकाची. आणि शरदात शिकारीचे दिवस असतात, तेव्हा भडक रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या.

धरणांकडे बाबांना न्यायचं की नाही याचा मी विचार करत होते. त्यांनीच नकाशावर बोट ठेवलं. मारेझचं धरण १९३५ चं, रेल्वेला वीज पुरवायला बांधलेलं. लेग्ल धरणाचं काम चालू असतानाच जर्मनांनी देश घेतला. तिथल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी मुद्दाम काम रेंगाळवलं, म्हणजे ती वीज जर्मनांच्या उपयोगाला येऊ नये, आणि १९४५ मध्ये, सुटकेनंतर, ते पुरं केलं. मजुरांत स्पेनचे निर्वासित पुष्कळ होते. सर्वांत वर बोर्-लेझ-ऑर्ग, १२० मीटर उंच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भरलं आणि त्याच्यामागची दरी, शेतं, वस्त्या, जुन्या रेल्वेमार्गाचा एक तुकडा पाण्याखाली गेला. वाल नावाचा किल्ला उंच कड्यावर होता. आता पाणी त्याच्या पायाला लागतं, आणि पिकनिकच्या फोटोत तो फार सुंदर दिसतो.

कठड्याशी उभं राहून बाबा पुष्कळ वेळ बोलले नाहीत. कोयनेचा शिवसागर त्यांनी रोज पाहिलेला. त्यांच्या हाताखालचे कित्येक मजूर त्या पाण्याखालच्या गावांतले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या चौथऱ्यांवर जाऊन नारळ फोडून येत. "इथल्या लोकांना जमीन मिळाली का बदल्यात?" त्यांनी विचारलं. पैसे मिळाले होते. बाबा म्हणाले, पैसे सगळीकडेच मिळतात.

धरणांचा परिणाम खाली नदीतही दिसतो. पॅरिसला संध्याकाळी दिवे लागले, विजेची मागणी चढली, की जनित्रं सुरू होतात आणि आर्झांताखाली नदी थोड्या वेळात चढते. जनित्रं थांबली की तितक्याच चटकन उतरते. पाऊस नसताना, निरभ्र आभाळाखाली. म्हणून काठावर जागोजागी पिवळ्या पाट्या आहेत: पाणी अचानक वाढू शकतं. माणसाला पाटी वाचता येते. माशांनी चढत्या पाण्यात कडेच्या गोट्यांमध्ये अंडी घातली आणि पाणी उतरलं, तर अंडी उघडी पडतात. पिल्लं डबक्यांत अडकतात. आता पाणी हळूहळू उतरवायचे, अंडी घालायच्या दिवसांत किमान पातळी राखायचे करार वीज कंपनीशी झाले आहेत. दोर्दोन्यचं सगळं खोरं २०१२ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. धरणं, गावं, द्राक्षमळे सगळे धरून. मला हे आवडलं. माणूस वगळून हे खोरं दाखवणं खोटं झालं असतं.

तिथून आम्ही गाडीने नदीबरोबर खाली उतरलो. बोल्यू, सुयाक, मग चुनखडीचे पिवळे कडे. कड्यांवर बॉक्स नावाची झुडपं असायची, हिवाळ्यातही हिरवीगार. आशियातून रोपांबरोबर आलेला एक पतंग २००८ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसला आणि दहा वर्षांच्या आत त्याच्या अळ्यांनी या दरीतली झुडपं सोलून काढली. सालसुद्धा खाल्ली. काही उतारांवर अजून राखाडी सांगाडे उभे आहेत, काहींच्या बुडाशी नवी पालवी दिसते. बाबांनी एक फांदी वाकवून बघितली, खाली हिरवी निघाली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

लिमय गावाखाली व्हेझेर दोर्दोन्यला मिळते. दोन नद्यांवर दोन दगडी पूल, एकमेकांशी काटकोनात. बंदराच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. व्हेझेरच्या काठाने वर गेलं की लेझ एझी. तिथे १८६८ मध्ये क्रो-मान्यों नावाच्या कड्याखाली आपल्याच प्रजातीच्या माणसांचे जुने सांगाडे सापडले. त्याहून वर मोंतिन्याक. तिथे १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांना आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्कोची गुहा सापडली. लोकांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून ती १९६३ मध्ये बंद केली. आता शेजारी उभी केलेली प्रतिकृती पाहायची.

गुहेची वर्णनं सगळीकडे आहेत, ती मी करत नाही. मला बाहेरचं सांगायचंय. लास्कोची चित्रं काढली गेली तेव्हा, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, बाहेर ओकचं हे दाट रान नव्हतं. थंड, कोरडं, गवताचं मैदान होतं. आडोशाच्या जागी कुठे पाइन, कुठे बर्च. रेनडिअरचे कळप दरीतून जात. त्या माणसांनी टाकलेल्या हाडांत बहुतेक सगळी रेनडिअरची आहेत. भिंतीवर मात्र घोडे, रानबैल, हरणं शेकड्यांनी, आणि रेनडिअर जेमतेम एक. हवा तापली, बर्फ हटलं, मग ओक आणि हेझेल इथे आले. म्हणजे या दरीत माणूस ओकच्या या रानाच्या आधीचा. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते पार्किंगमधल्या ओककडे बघत म्हणाले, "मग झाडांनी अतिक्रमण केलं म्हणायचं." आणि मग गंभीर होऊन, "बीट गार्डला हे कधी शिकवलं नाही कोणी. आम्हाला सांगायचे, आधी जंगल होतं, मग माणूस आला आणि त्याने तोडलं."

बेर्जराकच्या वर त्युइल्येरचं धरण आहे, १९०८ चं. वरच्या धरणांइतकं उंच नाही, पण समुद्रातून येणाऱ्या माशांची वाट त्यानेच अडवली. दोर्दोन्य ही अटलांटिकच्या बाजूच्या आठही स्थलांतरी माशांची नदी: साल्मन, समुद्री ट्राउट, शॅडच्या दोन जाती, लॅम्प्रीच्या दोन, ईल आणि युरोपीय स्टर्जन. १९८९ मध्ये त्युइल्येरला माशांसाठी उद्वाहक बसवला. पाण्याने भरलेल्या टाकीत मासे शिरतात, टाकी वर उचलली जाते, रिकामी होते, पुन्हा खाली येते. वर जाणारा प्रत्येक मासा काचेपलीकडे नोंदला जातो. साल्मन वर्षाला काही शेच येतात, तेही पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम इतकी वर्षं चालवल्यावर. स्टर्जनने या खोऱ्यात नैसर्गिकरीत्या अंडी घातल्याची शेवटची नोंद १९९४ ची आहे. २००७ पासून पिल्लं सोडताहेत, आणि ती प्रौढ होऊन परत यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणजे आत्ताआत्ता. ज्यांनी पहिली पिल्लं सोडली त्यांतले काही निवृत्तही झाले असतील. असं काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. बाबांनी सागवानाची रोपं लावली ती ते स्वतः कधीच तोडणार नव्हते.

त्या खुंट्या फाडणाऱ्या गृहस्थांशी माझा संबंध राहिला आहे. त्यांची मुलं लिमोजला नोकरीत आहेत, रानात त्यांना रस नाही. एका लाकूड व्यापाऱ्याने पुढे केलेला प्रस्ताव होता, सगळं चेस्टनट साफ करून डग्लस लावायचा. त्यांनी नाही म्हटलं. त्याऐवजी उताराचा एक तुकडा ते स्वतः तोडणार आहेत, एका शेजाऱ्याला घेऊन, या हिवाळ्यात, रस चढायच्या आधी. फोनवर मी बाबांना हे सांगितलं. बाबांनी निरोप दिला: बुंधा जमिनीलगत कापायचा, काप तिरका ठेवायचा म्हणजे पाणी साचून कुजणार नाही, आणि पहिली दोन वर्षं हरणांपासून फुटवे राखायचे. मी तो फ्रेंचमध्ये पोचवला. ते म्हणाले, मादाम, तुमच्या वडिलांना सांगा, कुंपणाला खुंट्या माझ्याकडे आहेत. बाबांना आता मेमध्ये त्या तुकड्याचे फोटो हवे आहेत, एका बुंध्याला किती फुटवे आले ते मोजून.